पैली गाडी पडायसाठी

मोटारसायकल घ्यायची म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं, की आमचे दत्तू आप्पा त्याला आधी चपला काढायला सांगतात.

"चप्पल खोटं बोलती," असं त्यांचं म्हणणं. टाच जाड असली की माणूस दीड इंचानं वाढतो आणि आपल्या मापाच्या नसलेल्या गाडीवर जाऊन बसतो. मग आप्पा शर्टाच्या खिशातून शिंप्याची टेप काढतात, समोरच्याला भिंतीला पाठ लावून उभं करतात आणि टाचेपासून मांडीपर्यंत माप घेतात. माप घेताना तोंडानं कानडीत मोजतात. मराठी आकड्यांत चूक होते म्हणे.

वडगावातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत मी दोन वर्षांपूर्वी भाड्यानं राहायला आले. आप्पा शेजारच्या घरात. वय सहासष्ट, अंगानं काटकुळे, उंची बेताची. सगळी हयात मागाचे मिस्त्री म्हणून गेली. अजूनही गल्लीतला एखादा माग बिघडला की लोक त्यांनाच बोलावतात. मी निपाणीची, तिथं आमचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पहिल्याच दिवशी माझ्या घरातला बाबासाहेबांचा फोटो दारातून दिसला असावा. आप्पा "जयभीम, बाई" म्हणाले. मी त्याच क्षणी "नमस्कार, आप्पा" म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी ते मला जयभीम घालतात आणि मी त्यांना नमस्कार करते.

गल्लीतल्या निम्म्या लोकांची पहिली गाडी आप्पांनी निवडलेली आहे. आणि आप्पांना स्वतःला गाडी येत नाही. ते सायकलवरून फिरतात. मी एकदा विचारलंही, "आप्पा, तुम्ही का नाही शिकलात?"

"मला कुठं जायाचं असतंय?" ते म्हणाले आणि सायकलच्या चेनला तेल सोडायला लागले.

त्यांचा सल्ला न ऐकणारा एकच निघाला, लग्नाचे फोटो काढणारा महेश. आप्पांनी माप घेऊन "ही तुला उंच हुती" असं सांगितलं होतं. त्यानं तीच गाडी घेतली. आठव्या दिवशी खडेबाजारच्या चढावर थांबायची वेळ आली, पाय टेकायला गेला तर खाली रस्ताच नाही. महेश अगदी सावकाश, सगळ्यांच्या देखत, रस्त्याकडेला विकायला बसलेल्या बाईच्या काकडीच्या ढिगात आडवा झाला. त्याला काही लागलं नाही. संध्याकाळी आप्पा त्याला बघायला गेले ते किलोभर काकडी घेऊन. "टोमणा न्हवं रं," ते म्हणाले, "त्या बाईची इकायची ऱ्हायलीती."

मी शिकवते ती शाळा बेळगुंदीच्या पुढच्या एका खेड्यात. बस दिवसातून दोनदा, आणि दुसरी कधी येईल ते तिचं तिलाच माहीत. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी ठरवलं, मोटारसायकल शिकायची. मला लहानपणापासून ती हवी होती. वखारीचा साहेब लाल मोटारसायकलवरून यायचा, आणि आम्ही पोरं तो वळेपर्यंत बघत राहायचो. हे कारण मी आप्पांना सांगितलं नाही. बस वेळेवर नसते, एवढंच सांगितलं.

"रस्ता कसला हाय?" आप्पांनी विचारलं.

"बरा आहे."

"बरा म्हंजे कसला? वळणं किती? चढावर थांबाय लागतंय काय? म्हसरं आडवी येत्यात काय?"

इतके दिवस मी त्या रस्त्यानं बसमधून झोपत गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा डबा घेऊन स्टँडवर हजर. माझ्याबरोबर शाळेपर्यंत आले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळा रस्ता बघत होते. शेवटचा मैलभर लाल मातीचा कच्चा रस्ता पायी चालले. शाळेत पोचल्यावर मुख्याध्यापकांना विचारलं, "गाडी कुठं लावायची? सावली दुपारपर्यंत ऱ्हाती काय?" मुख्याध्यापकांना वाटलं, हे तालुक्याहून आलेले साहेब आहेत. त्यांनी चहा मागवला आणि शौचालयाचं रखडलेलं कामही दाखवलं. आप्पांनी तेही नीट बघितलं.

त्या रविवारी आम्ही शोरूममध्ये गेलो. दारातच मला ती दिसली. लाल. मोठी टाकी, रुंद चाक. मी काही बोलायच्या आत आप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उसासा टाकला.

"चपला काढा."

त्या चकचकीत फरशीवर मी अनवाणी झाले आणि गाडीवर बसले. बोटांची टोकं टेकली.

"टेकतोय," मी म्हणाले.

"टेकतोय न्हवं, शिवतोय. सगळा तळवा टेकाय पायजे. दोनी पायांचा." मग ते विक्रेत्याकडे वळले. "ही जरा आडवी करा बगू."

"काय करू?"

"जमिनीवर आडवी करा. बाईंनी उचलून बगायची हाय."

विक्रेता आधी हसला, मग आप्पा हसत नाहीत हे बघून आत मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजर कानडी. आप्पांनी त्याला कानडीत समजावलं की शिकणारं माणूस पडणारच, आणि पडल्यावर रस्त्यावर त्याच्यासोबत कुणी नसतं. तेव्हा गाडी एकटीला उचलता येते का, ते आधीच बघायला हवं. दहा मिनिटं वाद झाला. शेवटी मॅनेजरनं हात टेकले आणि मागच्या अंगणात, चालवून बघायला ठेवलेली त्याच जातीची जुनी गाडी पोत्यावर आडवी करून दिली.

मी हँडल धरून ओढलं. ती हलली नाही. आप्पांनी सांगितलं तसं पाठ सीटला लावून, गुडघ्यात बसून, पायांनी रेटा दिला. वीतभर उठली आणि परत बसली. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"लई देखणी हाय," आप्पा मऊ आवाजात म्हणाले, "खरं तुमच्या कामाची न्हाय. अजून."

शेजारी एक हलकी, शंभर सीसीची, काळी गाडी होती. तीही आडवी करायला लावली. ती मी पहिल्याच झटक्यात उभी केली. विक्रेत्यानं टाळ्या वाजवल्या आणि पावतीपुस्तक काढलं. तेव्हा आप्पा म्हणाले, "माप मिळालं. आता निघूया."

बाहेर आल्यावर मी चिडले. "मग घेतली का नाही?"

"पैली गाडी पडायसाठी असती, बाई. नवीला चरा पडला की माणूस हातपाय सोडून गाडी बगतंय. आपुन चरा पडलेलीच घिऊया. म्हंजे तुमी आधी स्वतःकडं बगशीला."

अनगोळातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे तसलीच काळी गाडी होती. तिला पाच वर्षं झालेली, डाव्या बाजूला खरचटलेली. आप्पा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले, माग ऐकतात तसे. मग मान हलवली. माझ्या स्वप्नात कधीच न आलेली ती गाडी घरी आली.

शिकवणी सकाळी सहाला मैदानावर. मी गाडीवर, आप्पा शेजारून सायकलवर. "निधानऽ, निधानऽ" असं कानडीत ओरडत. सावकाश, एवढाच त्याचा अर्थ, पण ते असं काही ओरडत की माझ्या हातून क्लच सुटायचा. क्लच त्यांनी मला सुताच्या भाषेत शिकवला. "धागा ओढतासा तसं. एकदम सोडलासा की तुटतंय." चौदा दिवस मी रोज पडले. पडले की आप्पा पाठ फिरवून उभे राहत. मला उचलायला एकदाही आले नाहीत. पंधराव्या दिवशी पडले नाही. लायसन मिळालं आणि त्या जूनमध्ये मी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचायला लागले. त्या लाल मातीत गाडी दोनदा घसरली. दोन्ही वेळा मी ती उचलली आणि पुढे गेले. तिथं कुणीही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आप्पा दारात आले. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावलेलं.

"गाडीची लांब पल्ल्याची तपासणी ऱ्हायलीया. लोंढ्याला जाऊन येऊया."

मी निघाले. खानापूर मागे पडलं, झाडी दाट झाली. आप्पा मागे खांबासारखे ताठ बसले होते. लोंढ्यात त्यांनी न चुकता डावं-उजवं सांगत मला रेल्वेच्या वसाहतीपाशी आणलं. एका घराच्या पायरीवर साठीची बाई लसूण सोलत बसली होती. गाडी थांबली तशी तिनं मान वर केली आणि सोलायची थांबली.

त्या आप्पांच्या पत्नी, पारू आक्का. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन वर्षांपूर्वी आलेल्या. परत कधी येतेस, यावरून फोनवर दोघांची वादावादी झाली. ते म्हणाले, तुझी तू ये. त्या म्हणाल्या, न्यायला या. गल्लीत आल्यापासून मी एवढंच ऐकत होते, की आक्का लेकीकडे असतात.

"ह्या बाईंच्या गाडीची तपासणी कराय आलतो," आप्पा म्हणाले.

"झाली काय तपासून?"

"व्हय."

"मग पाणी पिणार काय तसंच जाणार?"

आप्पा पायरीवर टेकले. आक्का पाणी आणायला उठल्या, दाराची चौकट धरून, डावा पाय ओढत. आप्पा त्या पायाकडे बघत राहिले. माझं माप घेतानाही त्यांनी इतकं निरखून बघितलं नव्हतं. आक्का आल्या तसं त्यांनी तांब्या घेतला, पण प्याले नाहीत.

"गुडघा कवापासनं?"

"लई दिस झालं."

"बशीच्या पायऱ्या उंच असत्यात. तुला चढाय येत नसंल."

"न्हाय येत," आक्का म्हणाल्या. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "म्हणून तर न्यायला या म्हंटलंतं."

मी उगाच गाडीचा आरसा नीट करायला लागले. आप्पांनी तांब्या रिकामा केला, तो विसळला आणि दोन्ही हातांनी आक्कांना परत दिला.

आम्ही परतीला निघालो. खानापुरात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझा सल्ला विचारला. "बाई, गुडघा वाकत न्हाय त्या माणसाला मागं बसाय कुठली गाडी बरी?"

"स्कूटर," मी म्हणाले. "सीट खाली असते. एका बाजूला बसता येतं."

"चालवाय सोपी असती?"

"सोपी असते. आणि मैदान आहे की आपल्याला."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिकाऊ लायसनचा अर्ज भरून घ्यायला आले. डॉक्टरचा दाखला आधीच काढून आणला होता. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, रक्तगट विचारून लिहिला. मग काही अडचण आली तर कुणाला कळवायचं, त्याचा फोन नंबर असा रकाना आला. आप्पांना स्वतःचा मोबाईल नंबर येत नाही, तो त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. "थांबा, तुमच्या फोनमधून बघते," असं म्हणत मी हात पुढे केला.

"नगं," आप्पा म्हणाले आणि अर्जाकडे बघत लोंढ्याचा नंबर सांगायला लागले. दहाही आकडे, न अडखळता, मराठीत.