सकाळी एक गोळी

"रिपोर्टच दाखवायचाय ना? मग मी जातो," असं हेमंत ऐटीत म्हणाला खरा, पण तासाभरातच त्याचा जीव मेटाकुटीला आला. कात्रपमधला तो दवाखाना, त्याचा नंबर सव्विसावा, बाक एकच आणि पंखा नेमका कंपाउंडरच्या डोक्यावर.

त्याच्या बायकोचा, भारतीचा, थायरॉइड कमी निघाला त्याला दीड वर्ष झालं होतं. डोस तीनदा वाढवला, तरी बाई दिवसभर पेंगत असे, केसांचे पुंजके झाडत असे आणि भर उन्हाळ्यात स्वेटर शोधत असे. 'आळस चढलाय तुला,' असं हेमंत दोनदा बोलून बसला होता आणि दोन्ही वेळा ते त्याला महागात पडलं होतं. आज तिच्या शाळेत परीक्षा, म्हणून तिने रिपोर्ट आणि एक चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. चिठ्ठीत एकच प्रश्न होता: गोळी घेऊनही मला बरं का वाटत नाही?

"हे विचारल्याशिवाय उठायचं नाही हं," तिने बजावलं. "मला दोन मिनिटांत बाहेर काढतात. तुम्ही तरी जरा बोला."

नंबर लागला. डॉक्टरांनी मान खाली ठेवूनच रिपोर्ट घेतला.

"टीएसएच पुन्हा वाढलाय, म्हणजे थायरॉइड अजून कमीच. पाळी नियमित येते?"

"नाही, म्हणजे मी..."

"नियमित नाही," त्यांनी लिहून टाकलं. "वजन?"

"ब्याऐंशी," हेमंतच्या तोंडून स्वतःचंच वजन निघून गेलं.

"मागच्या वेळी चौसष्ट होतं! भात बंद करा. अजून मूलबाळ हवंय?"

"छे हो, दोन आहेत. पुरे झाली."

"डोस वाढवतो. नेक्स्ट!"

सत्ताविसाव्या नंबरच्या आजी आत येऊन त्याच्या स्टुलाला टेकल्यासुद्धा. हेमंत अर्धा उठला आणि त्याला चिठ्ठी आठवली. घरी काय तोंड दाखवणार? त्याने स्टूल घट्ट धरलं.

"डॉक्टर, गोळी घेऊनही बरं का वाटत नाही?"

"गोळी नीट घेतली की वाटेल."

आता मात्र हेमंत तापला. गोळी हे त्याचं खातं होतं. रोज साडेपाचला उठून तो आलं घातलेला, मस्त दुधाळ चहा करी आणि बशीत गोळी ठेवून बायकोला अंथरुणात नेऊन देई. सासूबाई, म्हणजे माई, नातेवाइकांत सांगत सुटल्या होत्या की जावई असावा तर असा.

"नीट म्हणजे? एक दिवस चुकवला नाही! मी स्वतः देतो, गरमागरम चहाबरोबर!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्ही कोण?"

"पेशंटचा नवरा."

"चहाबरोबर? अहो, ती रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची! पुढे तासभर चहाचा घोट नाही. चहाबरोबर ती गोळी अंगाला कशी लागणार?"

"हे तुम्ही कधी सांगितलंत?"

"लिहिलंय की!" त्यांनी जुना कागद पुढे ओढला. त्यावर 'सकाळी १' एवढंच होतं. दोघांनीही ते वाचलं. डॉक्टर खाकरले आणि वाढवलेला डोस गुपचूप खोडला. "जुनाच डोस ठेवा. दीड महिन्याने पुन्हा तपासू."

घरी भारती चपलाही न काढता भिंतीला टेकून बसली होती.

"विचारलंत? काय चुकतंय माझं?"

सगळं डॉक्टरांवर ढकलायचं, असं हेमंतने वाटेत ठरवलं होतं. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तुझं काही नाही गं. माझा चहा चुकतोय," असं म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं.

भारती हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"दीड वर्षं मी आळशी होते, नाही का?"

"चुकलंच माझं. उद्यापासून चहा बंद."

"बंद कशाला? साडेपाचची सवय आहेच तुम्हाला. गोळी पाण्याबरोबर द्या, मी तासभर पडते. तोवर पोरांचे डबे करा आणि मग चहा आणा."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला हेमंत कणीक मळत उभा होता. दर मिनिटाला तो घड्याळाकडे बघत होता. आतून भारतीचा आवाज आला, "अहो, मीठ घातलंत का?"