वेडी बाभूळ, शहाणं गाव

योगेंद्र सरांनी भरिताचा पहिला घास तोंडात टाकला आणि दारात वच्छलाअक्का उभी राहिली. एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात त्या चपलेतून उपसलेला बोटभर लांब काटा.

"जेवाले नही येल मी," ती म्हणाली. "रडाले येल शे."

पण सरांच्या बायकोने, नूतनने, ताट वाढल्यावर ती आधी जेवली आणि मग रडली.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. पांझरेकाठचं बोरटेक हे तिचं सासर, आणि गेल्या वर्षापासून ती तिथली सरपंच होती. फाट्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटरचा रस्ता, आणि त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळीने मिठी मारलेली. कधीकाळी कुणीतरी सरपणाला होईल म्हणून चार रोपं लावली होती म्हणे. आता एसटी आली की टायरमधून सुस्कारा निघायचा. एका आठवड्यात तीन पंक्चर झाल्यावर ड्रायव्हरने हात जोडले, "रस्ता साफ झाल्यावर बोलवा," आणि तो फाट्यावरूनच गाडी वळवू लागला. गावातल्या सव्वीस मुली देवपूरला कॉलेजात येत. त्या आता फाट्यापर्यंत चालत येत होत्या, आणि दोघींच्या बापांनी तर "पुरं झालं शिक्षण" असं जाहीर करून टाकलं होतं.

"पंचायतमा चाळीस हजार शेतस," अक्का म्हणाली. "जेसीबीवाला नव्वद मांगस. तू अर्थशास्त्रना मास्तर. आते तूच सांग."

बावीस वर्षं सर देवपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, पण 'सांगा' असं त्यांना आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"अक्का, जेसीबी कशाला? योग्य प्रोत्साहन मिळालं की माणूस डोंगर उपटतो!"

"कुंडीतलं गवत महिनाभर उपटलं नाही तुम्ही," नूतन म्हणाली.

"मला कुठे प्रोत्साहन आहे?" सर म्हणाले आणि त्यांनी वही मागवली.

सरांचं गणित साधं होतं. वेडी बाभूळ नुसती कापली तर एकीच्या दहा होतात. ती मुळासकट निघाली पाहिजे. म्हणून पैसे द्यायचे ते मुळाचे. एका मुळाला दहा रुपये.

मारुतीच्या पारावर दवंडी झाली. पहिल्या दिवशी ऐंशी मुळं आली, दुसऱ्या दिवशी तीनशे. तिसऱ्या दिवशी अकराशे आली, तेव्हा सर आनंदाने रस्ता बघायला गेले. रस्ता होता तसाच होता. परत येऊन पाहतात तर ग्रामसेवक भूषण एक मूळ चिमटीत धरून बसला होता. ते खडूएवढं होतं.

"हे कुणाचं?"

"मन्हं," छगन म्हणाला. छगन हा गावातला सगळ्यांत सज्जन दिसणारा माणूस. "एकच मूळ व्हतं सर. आणता आणता तुटनं."

"किती तुकडे झाले?"

"एकवीस."

"सगळे सारख्या मापाचे?"

"कुऱ्हाडवर पडनं ना ते," छगन म्हणाला.

सरांनी त्याच दिवशी योजना सुधारली. आता मोजणी बंद, वजन सुरू. किलोला दोन रुपये. काट्यांचं वजन करायला काटा हवा, म्हणून गावातले कापसाचे व्यापारी शांतीलालशेठ यांच्याकडून त्यांचा मोठा वजनकाटा आणला. शेठ म्हणाले, "सर, काटा नेताय, पण माल हाताने चाचपून घ्या. मी तीस वर्षं ह्याच गावात खरेदी करतोय."

सरांना ते व्यापारी मनाचं बोलणं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुळं आली ती विहिरीत रात्रभर भिजून, अंगावर चिखलाचा जाड थर लेवून. एक मोळी दोघांना उचलेना. भूषणने ती सोडली, आत बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, ह्या मुळावर 'धुळे १४' लिहिलंय."

मैलाचा दगड जागेवर नेऊन रोवायला चार माणसं लागली. त्यांची मजुरी पंचायतीने दिली. शिवाय शेजारच्या गावची मुळं ट्रॅक्टर भरून येऊ लागली. तिकडचा रस्ता अगदी स्वच्छ झाला. तिथल्या सरपंचाने अक्काला फोन करून आभारही मानले.

तरीही सर खचले नव्हते. ते खचले आठव्या दिवशी सकाळी. रस्त्याच्या कडेला छगनची बायको यशोदाबाई एका बाभळीच्या बुडाशी तांब्याने पाणी घालत होती.

"वहिनी, हे काय करताय?"

"पाणी टाकस."

"वेड्या बाभळीला?"

"आज काढी तं आठ रुपया येतीन, सर. दिवाळीलगून वाढू दिधी तं साठ."

भांडवल, प्रतीक्षा आणि व्याज हे तीन धडे सर दरवर्षी फळ्यावर लिहून थकत. यशोदाबाईने ते एका तांब्यात बसवले होते. सर चालू लागले. पुढे पितांबर आपल्या बाभळीभोवती तारेचं कुंपण घालत होता.

"काट्याला कुंपण?"

"चोऱ्या व्हई रायन्यात ना सर! काल मन्हा दोन बाभळी कोणी तरी उपटी लई गया!"

आणि ते खरंच होतं. ज्या झाडाकडे गावाने आजवर शिवी देण्यापुरतंच पाहिलं होतं, त्याच्यावरून पंचायतीसमोर मारामारीची वेळ आली. "मन्ही बाभूळ!" "तुन्ही कशी? मन्हा बांधवर शे!" शेवटी भूषणने तोड काढली. ज्याने त्याने आपापल्या झाडावर लाल रंगाने नाव लिहावं आणि वहीत नोंद करावी. दोन दिवसांत रस्त्याचं एकही झाड बेवारशी उरलं नाही. आणि त्याच संध्याकाळी चाळीस हजार संपले.

अक्का डोक्याला हात लावून बसली. "योगू, झाडं बी गयी नहीत आणि पैसा बी गया."

पण सरांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. "अक्का, झाडांना मालक मिळालेत! वहीत नावं आहेत! आता पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे. रविवारी ज्याच्या नावाचं झाड उभं दिसेल, त्याला झाडामागे शंभर रुपये पट्टी. बघ कसे धावत सुटतात!"

ग्रामसभा भरली. ठराव एकमताने पास झाला. बोरटेकमध्ये एखादी गोष्ट एकमताने झाली, की घरी जाऊन दाराला कडी घालावी, हे अक्काला ठाऊक होतं. सर मात्र देवपूरला राहत असल्यामुळे टाळ्या वाजवत होते.

रविवारी ते मुद्दाम नूतनला सोबत घेऊन आले. फाट्यावर स्कूटर लावली आणि पुढे पाहिलं. बाभळी जिथल्या तिथे, हिरव्यागार, डुलत उभ्या. पण प्रत्येक खोडावरचा रंग ताजा दिसत होता. सर पहिल्या झाडाजवळ गेले. त्यावर लिहिलं होतं : 'प्रा. योगेंद्र सर, देवपूर.'

दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर 'योगेंद्र सरजी'. एका कोवळ्या फांदीवर जागा पुरली नव्हती, तिथे नुसतं 'यो.' लिहून भागवलं होतं. पितांबरने कुंपणासकट झाड सरांच्या नावे केलं होतं.

गावात पोचेपर्यंत सरांनी नावं मोजणं सोडून दिलं होतं. पारावर छगन भेटला.

"छगन, हे काय रे?"

"सर, एक बाभूळ उपटाले अख्खा दिवस जास," छगन समजुतीने म्हणाला. "रंगना डबा एकशे वीसना. त्यामा दीडशे झाडं व्हतस."

"पण माझंच नाव का?"

"गावमा दुसरा कोणं बी नाव लिखं तं भांडण व्हई. तुम्हना नाववर बठ्ठास्नं एकमत शे."

तेवढ्यात अक्का आली. तिच्यामागे भूषण, हातात पावतीपुस्तक.

"नऊशे तीन झाडं," भूषण खाली बघत म्हणाला.

"अक्का, मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणीसनच तीन झाडं सोडी दिधात," अक्का म्हणाली. "नऊशे धर. कायदा तुन्हाच शे, योगू."

नव्वद हजार. सरांनी आशेने नूतनकडे पाहिलं. ती पावतीकडे बघत नव्हती, फाट्याकडच्या वाटेकडे बघत होती. तिथून शिक्षण सुटलेल्या त्या दोघींतली एक डोक्यावर हंडा घेऊन येत होती. वाटेतल्या काट्यांशी ती थांबली, चप्पल काढून तळवा पाहिला आणि पुन्हा चालू लागली.

"गाडी घ्यायला ठेवलेत ना बँकेत?" नूतन म्हणाली.

"ते गाडीसाठी आहेत!"

"मग गाडीला रस्ता नको?"

सरांनी चेकवर सही केली.

जेसीबी चार दिवस चालला. वेडी बाभूळ मुळासकट निघाली आणि पाचव्या दिवशी एसटी हॉर्न वाजवत थेट पारापर्यंत आली. सव्वीस मुली चढल्या. त्या दोघींचे बाप स्वतः दप्तरं घेऊन आले होते, आणि आपण कधी नको म्हटलंच नव्हतं असा त्यांचा चेहरा होता. ते बघताना सरांनी रुमाल काढला, आणि तो नव्वद हजारांसाठी नव्हता.

संध्याकाळी सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे. अक्का माइकवर म्हणाली, "मन्हा भाऊनी बठ्ठा गावना काटा आपला नाववर लिधात!" लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात छगनने. मग तो उभा राहिला आणि गहिवरल्या आवाजात म्हणाला, "सर, एक इनंती शे. पांदीमा गाजरगवत बी मायंदाळ व्हयेल शे. त्यानी बी एखादी योजना..."

सरांचे डोळे चमकले. त्यांनी माइककडे हात नेला आणि तोंड उघडलं. नूतनने त्यात अख्खा पेढा कोंबला.