मगरे काकांची दमलेली मशीनं

मगरे काकांच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर काढायच्या असत आणि फ्रिजपाशी गेलं की दुसऱ्या घालायच्या असत. फ्रिजसमोर निळ्या रबरी स्लिपरचा एक जोड कायम मांडलेला असायचा. त्यात पाय न घालता फ्रिजला हात लावला की झटका बसायचा. मी खोली बघायला गेलो तेव्हा भाडं, दिवे, येणारे-जाणारे मित्र, कशाबद्दलही काका एक अक्षर बोलले नाहीत. मला थेट त्या स्लिपरपाशी नेलं आणि म्हणाले, "उजव्या हातानं उघडायचं. डावा हात खिशात. लई घाबरायचं काम नाय, जरा मुंग्या आल्यावानी व्हतं."

आतून काकूंचा आवाज आला, "मुंग्या म्हणे! मागच्या उन्हाळ्यात दह्याचं पातेलं उडालं माझ्या हातातून."

"हात ओला व्हता तिचा," काका मला हळू आवाजात म्हणाले, जणू साक्षीदाराला आपल्या बाजूला वळवत होते.

मी कन्नड तालुक्यातल्या एका गावातून शहरात आलेलो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे शहरातल्या घरांत असंच असतं की काय, हे कुणाला विचारायचंही कळेना. मी स्लिपर घातल्या, डावा हात खिशात घातला, फ्रिज उघडला आणि बंद केला. काका म्हणाले, "जमतंय." हडको कॉलनीतली ती गच्चीवरची खोली मला मिळाली.

काका पाटबंधारे खात्यात कारकून होते. मी गेलो तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दुरुस्ती ते कुठे शिकले नव्हते. तरुणपणी ऑफिस सुटलं की शहागंजातल्या एका रेडिओवाल्याच्या दुकानात जाऊन बसायचे, तेवढंच शिक्षण. दर गुरुवारी छावणीच्या बाजारात जायचे आणि कुणीतरी टाकून दिलेल्या वस्तूंच्या पोटातलं काहीबाही पिशवीतून घेऊन यायचे. मला ते आवडायचे, पण खरं ते सांगायला हवं. काकांना दुरुस्ती चांगली येत नव्हती. त्यांच्या हातून कुठलीही वस्तू पूर्ण बरी व्हायची नाही आणि पूर्ण मरायचीही नाही. ती मधेच कुठेतरी लोंबकळत राहायची आणि घरातल्या माणसांनी तिच्या कलानं घ्यायचं.

मिक्सर फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर चालायचा. दाण्याचं कूट करायला घेतलं की तेल सुटेपर्यंत तो थांबायचा नाही. "या घरात जाडसर काही खायचं माझ्या नशिबात नाही," असं काकू म्हणायच्या. टीव्ही दोन होते, एकावर एक ठेवलेले. वरच्याला चित्र होतं, खालच्याला आवाज. पाहुणे आवाजाच्या दिशेनं बघत बसायचे आणि काका त्यांची हनुवटी बोटानं वर करायचे. कपड्यांचं मशीन पिळायला लागलं की चालत मोरीबाहेर यायचं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशीच यायचं, त्यामुळे त्या दिवशी ढीगभर कपडे असायचे. मग खालून हाक यायची, "अय कॉलेज! ये, बस."

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'कॉलेज'च होतो. मी पुस्तक घेऊन खाली जायचो आणि मशीनवर बसायचो. इतिहासाचा निम्मा अभ्यास मी तसा केला. अजूनही निजामाच्या राज्यकारभाराचं प्रकरण उघडलं की माझे दात आपोआप हलायला लागतात.

"काका, नवीन का नाही घेत?" एकदा मी वरून, हलत्या आवाजात विचारलं.

"मेलेलं नाय ते. दमलंय." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पंखा फिरेना, इस्त्री तापेना, घड्याळ मागे पडलं, सगळ्याला एकच. दमलंय.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोखंड दमलेलं बरं दिसतं यांना. माझे गुडघे दमलेले नाही दिसले कधी."

मला तरी काकूंचंच खरं वाटलं. आमच्या घरी फ्रिज नव्हता. नोकरी लागली की पहिला पगार आईच्या फ्रिजला, असं मी मनात ठरवलेलं. तोही खोक्यातून निघणारा, कोरा. त्यामुळे पैसे असून जुनं वापरणाऱ्या माणसाचं मला नवल वाटायचं, थोडा रागही यायचा.

एकदा काकूंनी हट्टच धरला आणि आम्ही तिघं जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. मला इंग्रजी वाचायला घेतलं होतं. एसीच्या गारव्यात रांगेनं फ्रिज उभे होते. काकूंनी एकेकाच्या दारावरून हात फिरवला, अनवाणी पायांनी, कारण चपला त्यांनी सवयीनं दुकानाच्या दारातच काढल्या होत्या. काका मात्र फ्रिजच्या मागे शिरले आणि दिसेनासे झाले.

"काका, काही हवंय का?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"स्क्रू कुठं हाय याचे?"

"हे उघडायचं नसतं, काका. बिघडलं तर कंपनी आतला बोर्ड बदलून देते."

"आन् बोर्ड नाय मिळाला तर?"

"तोपर्यंत नवीन मॉडेल येतं ना," ती हसून म्हणाली.

काका मागून बाहेर आले. कपाळाला धूळ लागली होती. "म्हणजे खोक्यातनं निघायच्या आधीच याची मयत ठरवून ठेवलीय तुम्ही," ते म्हणाले. ती मुलगी हसायची थांबली. रिक्षात काकू सगळा रस्ता बाहेर बघत होत्या. घर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "लोक भाव विचारतात. हे स्क्रू विचारतात."

काका-काकूंना एकच मुलगा, अमोल. पुण्यात कंपनीत. त्याला या मशीनांचा मनस्वी तिटकारा होता आणि त्याला कारण होतं. त्याच्या लग्नाचं बघत असताना एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगी अमोलच्या ओळखीची, त्याला मनापासून आवडलेली. तिच्याकडची मंडळी घर बघायला आली. मुलीच्या मामांनी हात धुतले आणि ते पुसायच्या आत गार पाण्यासाठी स्वतःच फ्रिजला हात घातला. मामा किंचाळून मागे आले ते थेट पोह्यांच्या ताटावर. स्थळ मोडलं. काका त्या दिवशी सगळ्यांना एकच समजावत होते, "स्लिपर तिथंच व्हत्या हो. घालायला पायजे व्हत्या." हे मला काकूंनी हसत हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर त्या हसत नव्हत्या. पुढे अमोलचं लग्न झालं, दुसरीकडे. त्यानंतर बापाशी तो धड बोलायचा नाही.

फोन रोज संध्याकाळी यायचा, काकूंना. सुनेची तब्येत, नातीची शाळा, काय भाजी केली. काका तिथेच जमिनीवर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले असायचे. बोलणं संपत आलं की पलीकडून यायचं, "दे बाबांना." आणि मग दोघं भांडायचे.

"घेतला का नवा फ्रिज?"

"चालू हाय ना हा."

"बाबा, शॉक देतो तो! चालू आहे कसला?"

"आता नाय देत एवढा. अर्थिंग केलंय नवीन."

"कुठे केलंय?"

"नळाला."

"नळाला?" पुण्याहून आलेला तो आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू यायचा. "म्हणजे आता नळही शॉक देणार!"

असं बराच वेळ चालायचं. काकू स्वयंपाकघरात कानावर हात ठेवायच्या. मलाही वाटायचं ते असं, की हा म्हातारा पोराला सुखानं फोनही करू देत नाही.

त्या दिवाळीला अमोल बायको-मुलीला घेऊन आला आणि काही न विचारता सगळं मागवून मोकळा झाला. फ्रिज, मशीन, टीव्ही, मिक्सर. जुनं देऊन नवं घ्यायची योजना होती, त्यामुळे नवं घेऊन आलेलाच टेम्पो जुनं घेऊन जाणार होता. मिक्सर गेला, दोन्ही टीव्ही गेले. फ्रिज उचलायला दोघं जण वाकले तेव्हा काका मधे उभे राहिले.

"हा नाय."

"बाबा, बाजूला व्हा."

"चोवीस तास गार करतो तो, अमोल. बर्फ बघ ना, बर्फ बघ त्याचा."

अमोल सगळ्यांसमोर म्हणाला, "एक दिवस आई चिकटून मरेल त्याला. मग करा दुरुस्त."

त्याची छोटी मुलगी आजोबांकडे बघत होती. काका बाजूला झाले. आतलं सामान काढायचं राहिलं होतं, ते त्यांनीच काढलं. शेवटी बर्फाचा ट्रे हातात घेऊन उभे राहिले आणि कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. अमोल चुकीचं बोलला असं मी अजूनही म्हणणार नाही. फक्त मला तिथे थांबवेना, म्हणून मी गच्चीवर गेलो.

मग घरात सगळं चालायला लागलं. काकूंनी जाडसर कूट करून मला वाटीभर दिलं आणि स्वतः नुसतंच चमच्यानं खाल्लं. मशीन जागच्या जागी कपडे पिळायचं, मला हाक यायची बंद झाली. संध्याकाळी फोन यायचा. काकू बोलायच्या. शेवटी अमोल विचारायचा, "बाबा?" काकू म्हणायच्या, "आहेत. बसलेत." "बरं, ठेवतो मग." काका तिथेच खुर्चीवर असायचे. हातात काही नसायचं. एकदा त्यांनी हात थोडा पुढे केला, पण फोन बंद झाला होता. तोच हात त्यांनी मग गुडघ्यावर ठेवला.

दिवाळीनंतर काही दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं. "कॉलेज, ऐक. हा फ्रिज आवाज करतोय."

मी कान लावला. "नाही हो काका."

"नीट ऐक. किर्र करतोय."

"कशाचं किर्र नि फिर्र," काकू म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या कुत्र्यालासुद्धा ऐकू यायचं नाही असं काहीतरी यांनाच येतं."

पण काकांनी माझ्या फोनवरून कंपनीला कंप्लेंट टाकायला लावली. कंपनीचा माणूस आला. तरुण, पाठीवर बॅग, घाईत. त्यानं फ्रिज पुढे-मागे हलवला, मोबाइल लावून काहीतरी बघितलं. "अंकल, इसमें कुछ भी नहीं है. एकदम मस्त हाय."

"असं कसं? आवाज हाय."

"बरं, मी 'चेक केला' टाकतो. कंप्लेंट बंद करायला ओटीपी लागेल. तुमच्या मुलाच्या नंबरवर जाईल, खरेदी त्यांच्या नावानं आहे ना. त्यांना फोन लावा."

काकांनी फोन लावला. अमोलनं ओटीपी सांगितला. कंप्लेंट बंद झाली.

पुढच्या आठवड्यात मशीनमधून जळका वास यायला लागला. काकांशिवाय कुणालाच येत नव्हता. मग टीव्हीच्या कोपऱ्यात काळं दिसायला लागलं. मग परत फ्रिज. तोच माणूस यायचा, तेच सांगायचा. काकू चहा टाकायच्या आणि आतून म्हणायच्या, "त्या बिचाऱ्याचं पेट्रोल तरी बघा." मला काही कळत नव्हतं. म्हातारपणी कान-नाक असेच होत असतील, असं वाटायचं.

परवाच्या कंप्लेंटला मी शेजारीच बसलो होतो. काकांचा साधा बटणांचा फोन, त्यातलं बोलणं सगळं बाहेर ऐकू येतं.

"हां बाबा. ओटीपी ना? घ्या. चार, सात..."

"थांब. चष्मा बघतो." चष्मा डोळ्यांवरच होता. काका फोन कानाला लावून खोलीत एक चक्कर मारून आले. "जेवला का तू?"

"हो. घ्या ना बाबा, मीटिंग आहे मला. चार, सात, शून्य, दोन."

"चार?"

"सात, शून्य, दोन."

"पोरीचा खोकला राहिला का?"

"राहिला. लिहिलंत का?"

"हळू सांग जरा. परत सांग."

अमोलनं परत सांगितलं. कंपनीच्या माणसानं पहिल्या वेळेलाच आकडे मोबाइलमध्ये भरले होते. त्यानं काकांना अंगठा दाखवला, झालं म्हणून. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग पाठ फिरवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"झाली का बंद?" अमोल विचारत होता.

"नाय अजून," काका म्हणाले. "नेटवर्क नाय त्याच्याकडं. तू थांब लाइनवर."

कंपनीच्या माणसानं बॅग पाठीवरून उतरवून खाली ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि बसला. पलीकडून अमोलच्या कीबोर्डची टकटक येत होती. काका फोन कानाला घट्ट लावून ती ऐकत उभे होते.