खाकी शर्टाची दोन भोकं

पोट दुखायचं मी बुधवारीच ठरवलं. दुखणार होतं शनिवारी, पण बायकोला पटवायचं तर आधीपासून थोडंथोडं कण्हायला हवं.

शनिवारी आमच्या कोल्हारच्या शाळेत नगरहून बालवीरांचे कमिशनर साहेब येणार होते आणि आमोस मास्तरांच्या छातीवर सेवेचं पदक लावणार होते. आमोस मास्तर माझे शेजारी. गावातलं बालवीर पथक आम्ही दोघांनी मिळून चालवलं. पोरांना गाठी मारायला त्यांनी शिकवलं, माग काढायला मी. प्रवरेच्या वाळूतली पावलं बघून माणूस कसा ओळखायचा, ही विद्या माझी. आणि पदक त्यांना. मला थोडा हेवा वाटला, असं मी म्हणणार नाही. मी असा जळत होतो की माझ्यावर भाकरी भाजली असती. (तेव्हा पोटातलं दुखणं अगदीच खोटं नव्हतं.)

शनिवारी सकाळी पुष्पावतीनं, म्हणजे आमच्या हिनं, ओव्याचा काढा पाजून मला बाजेवर निजवलं. तेवढ्यात दारात आमोस मास्तर. लढाईपायी खाकी कापड कुठं मिळेना, आणि त्यांच्या शर्टाची बाही ऐन वेळी फाटून हातात आली होती. त्यांनी चाचरत माझा शर्ट मागितला. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून कण्हलो.

"न्या की भाऊजी," ही म्हणाली. "हे काय, नाहीतरी पडूनच आहेत."

शर्ट गेला. पाठोपाठ ही पण गेली, पदक बघून येते म्हणून. मग माझ्यानं राहवेना. बंडी आणि धोतरावर मागच्या दारानं निघालो आणि शाळेच्या निवडुंगाच्या कुंपणाआड जाऊन चवड्यांवर उभा राहिलो.

साहेबांनी पदक लावलं. शर्ट माझा, बटणं माझी, आतला माणूस तेवढा दुसरा. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेबांनी डबीतून दुसरं पदक काढलं होतं आणि ते माझं नाव पुकारत होते. आमोस मास्तरांनीच म्हणे नगरला हट्ट धरला होता, द्यायचं तर दोघांना द्या. मला आयत्या वेळी चकित करायचं म्हणून गडी गप्प राहिला होता.

आता 'हजर' म्हणावं तर अंगावर बंडी, आणि पोट दुखतंय. आमोस मास्तरांनी जड आवाजात माझा आजार सांगितला. साहेब म्हणाले, मग आपण त्यांच्या घरी जाऊन देऊ.

मी धोतराचा सोगा धरून धूम ठोकली. वाटेत उजव्या वहाणेचा अंगठा तुटला. ती हातात घेतली, घर गाठलं आणि तशीच कवटाळून वाकळ डोक्यावरून ओढली.

मंडळी लवकर येईनात. कुंपणापाशी साहेबांना ताजी पावलं दिसली होती आणि त्यांनी पोरांना परीक्षेसाठी तीच दिली होती. अखेर मागच्या दारातून पोरं खाली बघत बघत आत आली, त्यांच्यामागं साहेब, आमोस मास्तर आणि ही. टोळीनायक कानिफनाथनं सलाम ठोकला.

"सायेब, माग हितं संपला. एका पायात वहाण, दुसरा पाय उघडा."

हिनं माझी वाकळ सारखी केली, तशी वहाण धप्पकन खाली पडली. सगळे त्या वहाणेकडे बघत राहिले.

आमोस मास्तर देवमाणूस. ते हळूच म्हणाले, "साहेब, पोटाचा आजारी माणूस. आडोशाला जावंच लागतं."

म्हणजे झेंड्याला सलामी चालू असताना मी कुंपणाआड बसलो होतो. पण पदक डबीसकट समोर होतं. मी खालमानेनं म्हणालो, "हो. जावं लागलं."

"न्हाई सर," कानिफनाथ म्हणाला. "बसल्याली खूण न्हाई. मानूस लई येळ उभा हुता, आन् टाचा टेकल्याच न्हाईत. चवडं रुतलं म्हंजी डोकावून बघतोय, आसं तुमीच शिकवलंय की."

साहेबांनी पोरांना बालवीराचा पहिला नियम विचारला. बालवीराचा शब्द खरा असतो, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. साहेबांनी डबी बंद करून खिशात टाकली. मग पोरांची पाठ थोपटून म्हणाले, असा माग जिल्ह्यात कुणी काढत नाही, हे शिकवलं कुणी? सगळ्या पोरांनी अभिमानानं बाजेकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शर्ट धुऊन, घडी घालून परत आला. खिशावर पदकाच्या टाचणीची दोन भोकं होती. ही सुईदोरा शोधायला लागली, तशी मी म्हणालो, "राहू दे. तेवढंच आपल्या वाट्याचं."

"रफू कोण करतंय? एक बटण सैल झालंय," ही म्हणाली. "गुरुवारी भाऊजींना नगरला फोटो काढून घ्यायचाय, ते शर्ट पुन्हा नेणार आहेत. पदक त्याच भोकांत नीट बसतं म्हणाले."