बबनशेठचा हजारो वर्षांमागचा पाऊस

विहिरीला पाणी लागलं की आमच्या कळंबात पेढे वाटतात. त्या गर्दीत फक्त एक माणूस काठावर तोंड पाडून बसलेला दिसायचा, तो म्हणजे आमचे बबनशेठ. विहीर दुसऱ्याची, पाणी दुसऱ्याचं, आणि सुतक ह्यांना. का, तर मातीचे थर पाण्याखाली गेले.

शेठचं किराणा दुकान आणि माझं शिलाईचं दुकान शेजारी शेजारी. ही गोष्ट एसटीडी बूथ आले होते आणि मोबाईल यायचे होते तेव्हाची. त्याआधी कधीतरी पुण्याचे संशोधक जुन्नरकडं कुकडीच्या काठी तंबू ठोकून राहिले होते. हजारो वर्षांपूर्वी इकडं पाऊसपाणी कसं होतं, ते नदीच्या दरडीत शोधत होते म्हणे. शेठ सासुरवाडीला गेले असताना सहज बघायला म्हणून तिथं डोकावले आणि डोक्यात भुंगा घेऊन परत आले.

झालं. तेव्हापासून आसपास कुठं विहीर खणायला घेतली की शेठ दुकान उघडं टाकून पसार. गिऱ्हाईक मला विचारणार, "टेलरभाऊ, शेठ कुठं गेलं?" मी म्हणायचो, "जमिनीत." शेठ खरोखरच माती वर ओढायच्या यारीच्या पाटीत उभे राहून खाली उतरायचे. शेतकऱ्याला वाटायचं, पाणाड्याच आला. तो हळूच विचारायचा, "शेठ, पाणी कुठं आसंल?"

शेठ दरडीवर बोट ठेवून म्हणायचे, "हितं व्हतं की राव. लई व्हतं. हे गोटे बघा, काय पूर आला आसंल. वरती ही चुनखडी, म्हंजे पाऊस आटला. आन बघायला आपण कोणच नव्हतो."

शेतकरी कपाळाला हात लावायचा. यंदा पाऊस कसा आहे म्हणून कुणी विचारलं, तर शेठ तूरडाळ जोखता जोखता सांगायचे, "यंदाचं मला नगा इचारू, मागचं इचारा." धंदा असा चालतो होय?

शकूवहिनी, म्हणजे शेठची बायको, जाम वैतागलेली. शेंगदाण्यांच्या बरणीशेजारी पिवळ्या मातीची बरणी, गुळाजवळ गोगलगाईंचे शंख. "आमच्या ह्यांनी माती इकायला काढलीय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आणि एकदा घोडनदीकडच्या एका मळ्यातल्या विहिरीत पांढऱ्या राखेचा पट्टा निघाला. शेठ चिखलाच्या पायांनी माझ्या दुकानात शिरले, शाळेतल्या बाईंचा कापून ठेवलेला ब्लाऊज तुडवला, तरी भान नाही. "टेलरभाऊ, ही राख आपल्याकडची न्हाई. लांब समुद्रापल्याड डोंगर फुटला, त्याची वाऱ्यावर आली आन हितं पडली. कुकडीला त्या पुण्याच्या लोकांना घावली तीच आसंल, तर तिच्यावरच्या मातीत समदं कळंल. डोंगर फुटल्यावर आपल्याकडं पाऊस पडला का न्हाई, झाडं जगली का मेली, समदं." खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

लगेचच विहिरीला पाणी लागलं आणि पट्टा बुडाला. उरली ती शेठनी डालडाच्या डब्यात भरून आणलेली राख. मग बूथवरून फोन करकरून त्यांनी पुण्याच्या लोकांचं डोकं खाल्लं. शेवटी एक मोठे सर यायला तयार झाले. राख तपासू, तीच निघाली तर उन्हाळ्यात पाणी उपसून थर बघू, असं त्यांनी कबूल केलं. आख्ख्या पंचक्रोशीनं येड्यात काढलेल्या माणसाला कुणीतरी खरं मानणार होतं. शेठनी माझ्याकडून नवा शर्ट शिवून घेतला. बटणं लावेपर्यंतसुद्धा त्यांना दम निघेना.

सर यायच्या दिवशी मी शेठबरोबर त्यांच्या घरी गेलो. ओटीवर सतरंजी टाकलेली, आणि पितळेचे तांबे, पेले, ताटं नुसती लखलखत होती. वहिनी पदराला हात पुसत हसत बाहेर आली. "चिंचेनं निघंनात, मग त्या डालडाच्या डब्यातली पांढरी पावडर घेतली. लई झ्याक निघाली बघा. सगळी संपली."

शेठ जागच्या जागी उभे. तेवढ्यात दारात जीप थांबली.

वहिनी आत चहाला गेली. सरांनी पाणी पिऊन राख मागितली. शेठनी एकदा आत बघितलं, मग हात जोडले. "सर, उगं तुमाला तरास दिला. डबा घावंना. आन ती साधी चुन्याची भुकटीच आसंल." सर भला माणूस. रागावले नाहीत, चहा घेतला आणि मंचरच्या दिशेनं निघून गेले.

मी मात्र तडकलो. "शेठ, येड लागलंय का? मोरीत चिमूटभर तरी मिळाली असती."

"तिच्यापुढं मोरी खरवडू?" शेठ हळू आवाजात म्हणाले. "पहाटंपासनं घासतीय ती. टेलरभाऊ, विहिरीतनं वर आलो की जीव नुसता उतू जातो, काय पाह्यलं ते सांगायला. पण सांगू कुणाला? एवढी वर्सं ही 'तुमची माती, तुमचे खड्डे' म्हणत आली. आज पहिल्यांदा म्हणली, आपले पावणं यायचेत. राख काय, परत कुठंतरी घावंल."

आतून वहिनीनं विचारलं, "अहो, काय म्हणले सर?"

शेठ डोळे पुसत आत गेले. "लई खूश झाले," म्हणाले. "बस, सांगतो."

आणि वहिनी हातातलं काम टाकून खरंच बसली.