पेटी क्रमांक सातचा पंचनामा

कानसगाव नगरपरिषदेने फुटपाथवर बसवलेल्या बारा वर्तमानपत्र पेट्यांपैकी सातव्या क्रमांकाची पेटी रोज सकाळी सव्वासहाला चालायला लागते. बाकीच्या अकरा जागेवर उभ्या असतात.

निघण्याआधी ती आपले चार बोल्ट काढते, स्वतःच्याच छपरावर ओळीने मांडते आणि कासार आळीकडे वळते. नऊला परत येऊन बोल्ट लावून घेते. घट्ट लावते. मी पान्याने तपासले आहेत.

पेट्यांची योजना माझी. नाणे टाकावे, दार उघडावे, एकच अंक घ्यावा, बाकीचे दुसऱ्यांसाठी ठेवून दार लावावे. परदेशात नगररचना शिकताना मी हे रोज पाहिले आणि माझ्या गावालाही हे जमेल याची मला तिथेच खात्री पटली. नियमावलीही मीच लिहिली. पेटी बसथांब्यापासून पंधरा फूट लांब हवी, शाळेच्या फाटकासमोर उभी राहता कामा नये, फुटपाथच्या कडेपासून दीड फूट आत असावी आणि चालणाऱ्यांसाठी चार फूट वाट मोकळी राहावी. शेवटचा नियम मात्र सभेने घातला: एकाही पेटीने नियम मोडला, तर बाराही उचलून भंगारात.

गुरुवारी अतिक्रमण निरीक्षक टोणपेसाहेब पंचनाम्याला आले. पंच दोन होते. सलूनवाले नंदू झेंडे, आणि डोक्यावर पाटी घेऊन पेरू विकणाऱ्या शेवंताबाई खिलारे. शेवंताबाई फेरीवाला संघटनेच्या अध्यक्षही आहेत.

"मॅडम, पेटी दाखवा."

"ती आत्ताच कासार आळीत शिरली, साहेब."

"मग चला. अंतर तर मोजायला लागणार."

नंदूने फितीचे टोक बसथांब्याच्या खांबाला धरले आणि साहेब फीत सोडत पेटीच्या मागे निघाले. फीत तेलघाण्यापाशी संपली. तेवढ्यात पेटीही थांबली, कारण निवृत्त पोस्टमन इनामदारकाका बनियनवर दारात उभे होते. काकांनी अंक घेतला. दार नीट लागेपर्यंत पेटी हलली नाही.

"काका, रोज येते ही?" साहेबांनी विचारले.

"दुधाच्या आधी."

"पंधरा फुटांहून जास्त," साहेबांनी चालता चालता लिहिले. "हा नियम पाळला. कडेपासून?"

"दीड फूट," मी म्हणाले. "समोरून सायकल आली की दोन."

"पाळला. शाळेसमोर?"

"थांबत नाही. उलट वेग वाढवते."

"पाळला." मला उडी मारावीशी वाटत होती. पण साहेब अचानक उभे राहिले. "चालणाऱ्यांसाठी चार फूट मोकळे हवेत. हा फुटपाथच मुळात साडेतीन फूट आहे, मॅडम. आणि ही मधोमध."

माझ्या बारा पेट्या मला भंगाराच्या ट्रकमध्ये दिसल्या. "साहेब," मी म्हणाले, "वाट चालणाऱ्यांसाठीच ना? मग ती चालतेच आहे."

पेटीने आणखी दोन अंक विकेपर्यंत साहेबांनी विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पेटी पादचारी आहे."

मी टाळ्या वाजवल्या. नंदूनेही वाजवल्या.

"पादचारी?" शेवंताबाईंनी पाटी सावरली. "आन् विकतंय कोण मग? चालत चालत विकतो त्यो फेरीवाला. त्याला परवाना लागतो. माझ्या बायांनी एकेका परवान्यापायी सहा-सहा महिने हेलपाटे घातले, आन् ह्या डब्याला तुम्ही फुकट पादचारी करताय व्हय?"

"मावशी, ती नवीन आहे हो."

"मीबी नवीन होते की."

त्यांचे म्हणणे खरे होते. नियम सगळ्यांना सारखा, एवढ्याचसाठी तर मी परत आले होते. कार्यालय उघडताच आम्ही सगळे नगरपरिषदेत गेलो. पेटी भेळवाल्याच्या मागे रांगेत उभी राहिली आणि आपला नंबर येईपर्यंत तिने एकदाही घुसायचा प्रयत्न केला नाही.

कारकून खांडेकरांनी अर्ज भरायला घेतला. नाव: पेटी. वय: पाच महिने. फोटोसाठी पेटीने काच समोर केली. अंगठ्याच्या जागी दाराचा डावा कोपरा शाईत बुडवून उमटवला.

"आरोळी?" खांडेकरांनी विचारले.

कानसगावात दोन फेरीवाल्यांची आरोळी एक असू नये, म्हणून ती नोंदवावी लागते.

"तिला आरोळी नाही," मी म्हणाले.

"गुपचूप इकणार? दारात काय आलंय ते घरातल्या बाईला कळायला नको?" शेवंताबाई म्हणाल्या. "माझी सही मिळायची न्हाई."

"आरोळी नाही तर परवाना नाही," टोणपेसाहेब हळूच म्हणाले. "परवाना नाही तर नियम मोडला. आणि मोडला तर, मॅडम, बाराच्या बारा."

मी पेटीपुढे वाकले. "जमेल तसं कर. एकदाच." पेटीने दार किंचित उघडले. स्प्रिंग करकरली.

"करकर चालणार नाही," खांडेकर वही चाळत म्हणाले. "ती सुरीला धार लावणाऱ्याच्या नावावर आहे."

पेटीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा करकर. रांगेतल्या कोणीतरी च्च केले.

शेवंताबाईंनी पाटी खाली ठेवली. "अगं, गळ्यातून काय काढतीस? पोटातून काढ. वरच्या मजल्यावरली बाई डोळ्याम्होरं आण. तिचे हात पिठात हायेत. तुझ्यापायी ती हात धुवंल का? तिला हात धुवाय लाव."

पेटीने दार लावून घेतले. मग दार सताड उघडले.

"कालचं सरलंऽऽ, आजचं घ्याऽऽ!"

वरच्या मजल्यावरून तीन शिपाई आणि मुख्याधिकारी धावत खाली आले. चौघांनीही अंक घेतले. करवसुलीच्या खिडकीतल्या बाई हात पुसत बाहेर आल्या.

"शेवटचा स्वर लांब लिहा," शेवंताबाईंनी खांडेकरांना सांगितले आणि सही केली.

टोणपेसाहेबांनी शिक्का मारला. "बाराही पेट्या कायम," ते म्हणाले. मग पेटीकडे वळून, "दवाखान्याजवळ जरा हळू."

शेवंताबाईंनी पाटी उचलली. पेटी त्यांच्या मागोमाग निघाली.

"मागं नगं," त्या वळून म्हणाल्या. "म्होरं चाल. तुझ्या आवाजानं दारं उघडत्यात, तवर मी पोचते."

त्या दिवशी कासार आळीत पेरू साडेबारालाच संपले.