म्हसोबाच्या डोहाचे किनारा-संरक्षण

काष्टीच्या बाजारापासून तीन कोसांवर, भीमेच्या तीरी वसलेल्या डोहाच्या वाडीस समुद्र नव्हता; आणि ही उणीव सन १९७३ च्या चैत्रापर्यंत कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. त्या चैत्रात, दुष्काळाने नदी आटून केवळ म्हसोबाचा डोह उरला असता, त्याच्या काठी सरकारी पाटी रोवण्यात आली : ‘संरक्षित किनारा. नारळी पौर्णिमेपर्यंत मासेमारीस सक्त मनाई. भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये.’

सहादेव भोई यास वाचता येत नव्हते. शाळेच्या मास्तरांनी पाटी वाचून दाखविली, तेव्हा त्याची पत्नी रंगुबाई म्हणाली, “भरती कवा येनार, तेवढं इचारून ठेवा. हंडा घिऊन जाते. बारवेच्या पायऱ्या चढून गुडघं गेलं माजं.”

सहादेवास मात्र हसू आले नाही. या डोहात जाळे टाकायचे नाही, ही भोयांची पिढीजात रीत. परंतु ज्या वर्षी पाणी डोहातल्या उभ्या दगडी नंदीच्या पोटाखाली उतरेल, त्या वर्षी भोयांनी आत शिरावे, मरळ माशांच्या मोठ्या माद्या हातांनी अलगद धराव्या, घागरींतून गावच्या बारवेत नेऊन सोडाव्या आणि नदीला पूर आला की पुन्हा डोहात आणाव्या. त्याच बियाण्यावर नदी पुन्हा माशांनी भरत असे. आजोबांनी हे एकदा केले होते, बापाने दोनदा. आता पाणी नंदीच्या गुडघ्याला लागले होते, माद्या चारच उरल्या होत्या, आणि पाणी आठ दिवसांपुरतेच होते. परंतु पाटीजवळ रखवालदार बसला होता व तो त्याच पाण्यात दोन वेळा स्नान करीत होता.

सबब, सहादेव किनारा-संवर्धन उपविभागाच्या कचेरीत गेला. तेथील कारकून शांतवन हा सज्जन गृहस्थ. त्याने स्वतः अर्ज लिहावयास घेतला.

“नौका किती?”

“दोन भोपळं, भाऊसायब. पोटाखाली धरून पवतो.”

शांतवनने लिहिले : ‘दोन, वनस्पतिजन्य.’ “बंदर?”

“म्हसोबाची पायरी.”

“समुद्रापासून अंतर?”

“तुमीच सांगा. म्या समुद्र बगितलाच न्हाई.”

शांतवनने तेथे ‘निरंक’ लिहिले. अंतर मुळीच नाही, त्या अर्थी गाव समुद्रावरच आहे, असा शेरा मारून साहेबांनी अर्जदारास आत बोलाविले. साहेब कोकणातून बदलून आले होते व येताना तेथील नियम आणि उरलेल्या अकरा पाट्या सोबत घेऊन आले होते.

“मासा पाण्याबाहेर काढणे म्हणजे मासेमारी,” साहेब म्हणाले.

“पर सायब, पान्यातनं पान्यातच न्यायचाय.”

“मधल्या वाटेत तो कशात असतो?”

“घागरीत.”

“म्हणजे घागर हे जाळेच झाले, आणि तेही बिनछिद्रांचे! नियमाप्रमाणे छिद्र दोन बोटे रुंद पाहिजे. तशी घागर आण, मग विचार करू.”

“सायब, आठ दिसांत पानी सरतंय.”

“पाणी हा पाटबंधाऱ्यांचा विषय. आमच्याकडे फक्त मासे.”

घरी हे ऐकून रंगुबाईने कपाळावर हात मारला. “भोकाची घागर? तसली मिळाली, तर मासं न्हाई, तुमच्या सायबालाच बशिवते तीत!”

सहाव्या दिवशी जीप आली. संरक्षित मासे अस्तित्वात आहेत काय, हे पाहण्यासाठी पाच जणांची समिती आली होती. पाहणीसाठी नमुना काढणे ही मासेमारी नव्हे, असे साहेबांनी सांगताच सहादेवाचा जीव भांड्यात पडला. तो चिखलात उतरला. नियमाप्रमाणे वीतभरापेक्षा लहान मासा हे बालक असून त्यास हात लावणे गुन्हा होय. यास्तव नमुना मोठ्यांचाच घ्यावा, असे ठरले. सहादेवाने आपल्या हातांनी चारही माद्या वर काढल्या.

“आता बारवेत सोडू, सायब?”

“तपासणी कोण करणार?” साहेब म्हणाले, आणि त्यांनी तक्ता उलगडला. त्यात लांबी, वजन व चव असे तीन रकाने होते.

तिसरा रकाना भरण्यासाठी रंगुबाईस चूल पेटवावी लागली. गावचे आबासाहेब पाटील व आणखी चार प्रतिष्ठित मंडळी साक्षीदार म्हणून पंगतीस बसली. दुष्काळाचे दिवस, साक्ष देण्यास कोणी मागे राहिले नाही.

“वाढू का आनिक?” रंगुबाईने विचारले. “प्वाटात अंडी हायेत हिच्या. पुढल्या सालची समदी नदी हाय ती.”

“वा! वाढा, वाढा,” साहेब म्हणाले व त्यांनी लिहिले : ‘चव उत्कृष्ट. मत्स्यसंपत्ती समाधानकारक.’

दोन दिवसांनी डोह आटला. चिखलातली संरक्षित बालके बगळ्यांनी वेचली. बगळ्यांस वाचता येत नव्हते.

श्रावणात भीमा दुथडी भरून वाहू लागली, आणि नारळी पौर्णिमेस, अगदी वेळेवर, परवानगी आली : ‘अर्जदाराने चार मासे बारवेत हलविण्यास हरकत नाही.’ सहादेवाने तीन दिवस नदीत जाळे टाकले. तिसऱ्या दिवशी ते जड लागले. रंगुबाईही ओढावयास धावली. वर आली ती पुरात वाहून गेलेली पाटी.

“भरती आली म्हनायची,” रंगुबाई म्हणाली. आणि तिने पाटी जाळ्यातून सोडवावयास घेतली.

समितीचा अहवाल जनतेच्या हरकतींसाठी कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लावलेला होता. सहादेवाची हरकत आली नाही, कारण त्यास वाचता येत नव्हते. वाचकहो, त्या महिन्यात आपणही कुठल्याशा दाखल्यासाठी त्या फळ्याखाली तासभर उभे होता. आपलीही हरकत आली नाही. कारण नमूद नाही.